शनिवारचं लोखंड

"आज शनिवार हाय," आत्या म्हणाल्या. "लोखंड घरात येणार न्हाई."

सोलापुरातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार मल्लिनाथ हातात पेचकस धरून तसाच उभा राहिला. माझ्या नवऱ्यानं, दयानंदनं, कपाळाला हात लावला. आणि जिच्यापायी हा सगळा उद्योग चालला होता ती मी काउंटरवरच्या काळ्या कॅबिनेटकडे बघत राहिले. लोखंडाचंच होतं ते.

"अगं आई, कॉम्प्युटरचा डबा आहे तो," दयानंद म्हणाला. "आपण काय नांगराचा फाळ घेतोय का?"

"चुंबक लाव."

मल्लिनाथच्या पेचकसाच्या टोकाला चुंबक होतंच. बिचाऱ्यानं ते कॅबिनेटला टेकवलं, तर पेचकस तिथंच चिकटून लटकत राहिला.

"बघ," आत्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर नीट करून स्टुलावर बसल्या. त्यांचा पदर डोक्यावरून कधी घसरायचा नाही. झोपेतसुद्धा नसावा घसरत.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सासरी सासूला आत्याच म्हणतात. लग्न होऊन मला दीडेक वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात मी त्यांना शनिवारी नखं कापू नको, सांजेला केर काढू नको, मंगळवारी माहेरचा विषय काढू नको, अशा कितीतरी गोष्टी सांगताना ऐकलं होतं. त्यामुळे लोखंडाचं मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

माहेरचा विषय काढू नको म्हणायच्या, पण काढायला होतं काय? मी मनमाडची. बाबा रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी जन्मले, तिथंच वाढले. आधी आई गेली. मग बाबा निवृत्तीच्या आतच गेले, आणि क्वार्टर रिकामं करून द्यावं लागलं. दादा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. माझं लग्न काकांच्या दारातून झालं. दिवाळीत शेजारणी विचारायच्या, "माहेराला कधी निघालीस?" मी म्हणायची, "बघू." आमच्या क्वार्टरमध्ये आता कुणी तिकीट तपासनीस राहत होते, आणि त्यांच्या दारात जाऊन मी काय सांगणार होते?

तर मी आणि दादा कॉम्प्युटरवर खेळायचो. गोळ्या झाडायचा खेळ नव्हे. आमच्या खेळात एकेक वीट रचून घरं बांधायची, झाडं लावायची, रस्ते करायचे आणि मग त्यातून दोघांनी हिंडायचं. तो मस्कतहून, मी सासरहून. आम्ही त्यात आमचं क्वार्टर बांधलं होतं. दारचा लिंब, गळकी टाकी, आईचा धुण्याचा दगड, सगळं. दर रविवारी संध्याकाळी आम्ही तिथं भेटायचो.

फोनवर आम्ही दोघंही मुके. "जेवलास का?" "हो. तू?" "हो." संपलं. पण खेळात शेजारी उभा राहून भिंत रचत असला की तो बोलता बोलता बोलून जायचा. बाबांच्या शेवटच्या आजारात सुटी मिळाली नाही म्हणून तो किती रडला, हे त्यानं मला सांगितलं ते आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला गज बसवत असताना. समोरासमोर असतो तर जन्मात बोलला नसता.

पुढे दादानं मागची सगळी रेल्वे कॉलनी बांधायला घेतली. यार्ड, पूल, शाळा. त्याची मशीन दणकट होती. माझा कॉलेजातला लॅपटॉप मात्र तव्यासारखा तापायचा. आधी तो अडखळायला लागला. दादा बोळातून चालताना एक पाय वर करून तसाच उभा दिसायचा आणि आवाज मात्र पुढे निघून जायचा. मग एके दिवशी तो खेळ उघडेचना. दोन-तीन रविवार असेच गेले. दादा फोनवर म्हणाला, "असू दे गं. मी एकटाच कुंपण घालतो थोडं." माझा जीव तुटला.

मी दयानंदला सांगितलं. नवरा चांगला आहे माझा. दिवाळीचा बोनस त्यानं माझ्यापुढे ठेवला. पण तो बँकेतला माणूस. "चाळीस हजार. त्यात बसव. वर एक रुपया नाही," म्हणाला. घराचा हप्ता चालू होता, आणि तो म्हणाला ते खरंच होतं.

मग मी महिनाभर भाग निवडत होते. हे काम आखूड चादरीसारखं असतं. डोकं झाकलं की पाय उघडे. मेंदू, म्हणजे प्रोसेसर, चांगला घ्यावा तर स्क्रीन लहान होते, स्क्रीन धरावी तर मेमरी सुटते. आणि खेळासाठी सगळ्यात महत्त्वाचं ते ग्राफिक कार्ड, चित्रं हलवणारं, आणि सगळ्यात महागही तेच. शेवटी काटकसर करून एक मोळी बांधली, तिच्यात मोठं कार्ड कसंबसं बसत होतं. बँकेच्या सुटीचा शनिवार ठरला. सकाळी निघायच्या वेळी आत्या चपला घालून दारात उभ्या.

"मी बी येते. टीव्ही घेतला तवा मीच निवडलेला. अजून चालतोय."

दुकानात त्यांनी प्रत्येक भाग वांगी निवडावीत तसा उलटा-सुलटा करून बघितला. प्रोसेसर हातात घेतला. "एवढासा? आन् एवढे पैसे?"

"तोच मेंदू हाय की ओ, मावशी," मल्लिनाथ म्हणाला.

"मग बराबर हाय. असतो त्याचा दिसत नसतो." हे बोलताना त्यांनी दयानंदकडे बघितलं.

मेमरीच्या दोन पट्ट्या बघून म्हणाल्या, "दोन कशाला?"

"जोडीनं लावल्या तर पळतात चांगल्या."

"ते सगळ्यांचंच तसं असतंय," म्हणून त्यांनी पट्ट्या परत दिल्या.

इथवर सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग मल्लिनाथनं कार्डाचा आताचा भाव सांगितला. मी बघितला होता त्यापेक्षा बराच वर गेला होता. बेरीज चाळीसच्या बाहेर पडली. मी सगळ्या भागांकडे एकेक करून बघितलं. कुठंच कापायला जागा उरली नव्हती.

"मग छोटं कार्ड घे," दयानंद म्हणाला. "छोट्यानं चालतं ना हो?"

"चालतंय की. फक्त मोठं गाव-बिव असलं तर अडकत अडकत चालणार बघा."

अडकत अडकत. मला दादा दिसला, एक पाय वर केलेला.

एरवी मी भांडखोर बाई आहे. रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी, नळाच्या पाण्यावरून अख्ख्या आळीशी भांडलेली आहे. पण तिथं माझी वाचाच बसली. पैसे नवऱ्याचे, शेजारी सासू, आणि मागणी कसली तर खेळाची. लग्न झालेल्या बाईनं खेळासाठी हट्ट कसा धरायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मान हलवली. "द्या छोटंच," म्हटलं.

आणि त्याच क्षणी आत्यांना शनिवार आठवला होता.

"मावशी," मल्लिनाथ काकुळतीला येऊन म्हणाला, "असं बघितलं तर ही वीजपुरवठ्याची पेटीबी लोखंडाचीच हाय."

"ती विजेची हाय."

"आतून विजेची. वरून लोखंडच की."

"वरचं कोण बघतंय?" आत्या म्हणाल्या. "ती चालती. हा डबा न्हाई चालत."

दयानंदनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शास्त्रात काय बसतं आणि काय नाही हे आत्यांशी बोलून कुणी जिंकलेलं नव्हतं, आणि भर दुकानात आईशी वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "डबा राहू दे. नंतर कधीतरी नेऊ. पण डब्याशिवाय चालणार कसा तो?"

"चालतंय तसं," मल्लिनाथ म्हणाला. "आम्ही तपासायला टेबलावर उघडंच मांडून चालवतो. चालू करायला एक सुटं बटण देतो. फक्त लाकडावर ठेवा, लोखंडावर अजिबात नको."

"बघ," आत्या म्हणाल्या. "ह्योबी म्हणतोय लोखंड नको."

मल्लिनाथनं कॅबिनेट मागे सरकवून बेरीज पुन्हा केली. मग डोकं खाजवत माझ्याकडे बघितलं. "ताई, डबा गेला तर मोठं कार्ड बसतंय बघा. चाळीसातच."

मी दयानंदकडे बघितलं. चाळीस म्हणजे चाळीस. आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या, जणू संकष्टी कधी आहे तेवढंच त्यांना हवं होतं. मला वाटलं, साक्षात शनिमहाराज पावले. राग कुठल्या कुठे गेला.

येताना एसटीत खिडकीची जागा स्क्रीनच्या खोक्याला मिळाली आणि दयानंद उभा राहिला. घरी आल्यावर आत्यांनी देवघरापुढचा मोठा पाट काढून दिला. सत्यनारायणाला बसायचा, पितळी फुल्यांचा. त्यावर मी मल्लिनाथनं जोडून दिलेला सगळा पसारा मांडला. पाल-झुरळ पडेल म्हणून आत्यांनी वर जेवणावर झाकायची प्लास्टिकची जाळी घातली. वारा आत जाणार, पाल जाणार नाही. माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर असा होता. बघणाऱ्याला वाटावं, आत पुरणपोळ्या आहेत.

रविवारी संध्याकाळी मी बटण दाबलं. पंखे फिरले. खेळ उघडला, आणि कॉलनीच्या तोंडाशी मी उभी होते. रस्ता लख्ख, पानंसुद्धा हलत होती. मी बोळातून चालत गेले. कुठं अडकलं नाही. दादा क्वार्टरच्या पायरीवर उभा होता.

"आलीस?" तो म्हणाला. "ये."

बाबा असेच म्हणायचे. मी कॉलेजातून शनिवारी घरी यायची तेव्हा दारात उभे राहून, असंच. मला रडू फुटलं. दादा गडबडला, "अगं, आवाज तुटतोय का?" म्हणायला लागला. मी म्हटलं, "नाही रे, सगळं स्वच्छ येतंय."

मागे आत्या मेथी निवडत बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्यो दगड धुण्याचा का?"

"हो. आईचा."

"जागा चांगली निवडलेली तिनं. सावली पडती," त्या म्हणाल्या आणि पुढची काडी निवडायला घेतली.

कॅबिनेट आणायला सोलापूरला जाणं काही झालं नाही. पुढच्या शनिवारी आमच्या गावचा बाजार होता. दीड वर्ष मी घरी थांबायची, आत्या जायच्या. त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता म्हणून पिशव्या धरायला मी गेले. भाजी झाली, हरभऱ्याची डाळ झाली. मग आत्या सरळ लोहाराच्या पालापुढे जाऊन बसल्या, एक तवा उचलला, बोटानं वाजवला, दुसरा उचलला, तोही वाजवला आणि पदराच्या गाठीतून पैसे काढले.

"आत्या," मी म्हटलं, "आज शनिवार आहे."

"मग? बाजार शनिवारीच असतोय."

"लोखंड आहे हे."

"तवा हाय," आत्या म्हणाल्या. "भाकरी काय तुझ्या कॉम्प्युटरवर थापू?"

लोहाराची बायको हसायला लागली. "मावशीचा इळा, मावशीची इळी, समदं आमच्याकडचंच," ती म्हणाली. "शनवारीच नेत्यात की."

मी तिथंच उभी. पिशव्या हातात, तोंड उघडं. आत्या तवा माझ्याच पिशवीत घालून चालायला लागल्या. बाजाराच्या कडेला पिंपळाच्या पारावर त्या गुडघा चोळत बसल्या, तेव्हा मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मुद्दाम केलंत तुम्ही."

"बस खाली. उनात उभी ऱ्हाऊ नको."

"आत्या."

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. "त्यो बारकं घे म्हणाला, आन् तू मुंडी हलवलीस. दुधावरून माझ्याशी तासभर भांडतीस, आन् तिथं मुंडी. मी म्हणले असते, दे रं मोठं, तर दया म्हणला असता, आई, तुला काय कळतंय. शनी म्हणलं की कुणी काय बोलत न्हाई. डबा तेवढा बिनकामाचा दिसला मला. बाकी समद्यातनं तारा निघत होत्या."

मला हसू आलं. "पण खेळासाठी एवढं?"

"खेळ?" आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय डोळे न्हाईत? लॅपटॉप बंद पडला तवापासनं रविवारच्या सांजेला तू कशी फिरायचीस घरात, दिसत न्हवतं मला? मी बी तशीच फिरलेली हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर भिवरवाडी, भीमेच्या काठचं. लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि काही वर्षांत धरणाचं पाणी चढलं. गाव उठून वर माळावर गेलं. त्यांचा भाऊ नव्या गावठाणात राहतो हे मला ठाऊक होतं. जुनं गाव तळाशी आहे, हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"उन्हाळ्यात पाणी वसरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणत्यात. लोक नावेतनं बघायला जात्यात. मी न्हाई गेले. कळस बघून काय करू? मला आमचं दार बघायचं होतं."

"मामांकडे जाता की तुम्ही."

"जाते. पर ते भावजयीचं घर हाय गं. सुना हायत, जावई येत्यात. तिथं बी मी पदर घेऊनच बसते." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "माहेरच्या अंगणात लेक कधी डोक्यावर पदर घेती का? मी घेतलेला न्हवता. वेशीतनं आत पाय टाकला की खाली."

बाजारात कुणीतरी लसणाचा भाव ओरडत होतं. आत्या तिकडे बघत राहिल्या, आणि मग अगदी सहज, लसूण घ्यायचा का असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पाण्याखालचं गाव करता येतंय का गं त्यात?"

रविवारी दादाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्यांना पुढे बसव. मी कॉलनीच्या पलीकडे जागा मोकळी करतो."

त्यानंतर कितीतरी रविवार आमचं यार्ड तसंच अर्धं राहिलं आणि भिवरवाडी उठत गेली. आत्या स्टुलावर बसून सांगायच्या, मी आणि दादा रचायचो. वेस इकडं. मारुती वेशीच्या डाव्या हाताला. चिंच. न्हाई, एवढी मोठी न्हाई, वाकडी हाय ती. घरं माळवदाची, वर माती घाल, कौलं नगं. कधी आठवेना तर भावाला फोन करायच्या, "आरं, कासाराच्या घराला पायऱ्या किती?" मामाही आधी हसले. मग त्यांचेच फोन यायला लागले, की वहाण दारात काढायचो तिथं एक फरशी फुटकी होती, ती घातली का. दयानंद एकदा ताट हातात घेऊन मागे उभा राहिला आणि बघता बघता तिथंच जेवला. डबा कधी आणायचा हे त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सगळं झाल्यावर दादानं विचारलं, "आत्या, नदी घालायची ना?"

"नदी पायजेच," आत्या म्हणाल्या. "घाटाच्या खाली. पर तिथंच राहू दे तिला. पायरी चढायची न्हाई."

"नाही चढणार," दादा म्हणाला. "पाहिजे तर वरच्या अंगाला एक छोटंसं धरण घालतो."

मी डोळे मिटून घेतले. आत्या मात्र हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "नगं रं बाबा," म्हणाल्या. "धरण सोडून काय बी घाल."

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. कार्ड जुनं झालं, पाटाच्या फुल्या झिजल्या, कॅबिनेट अजून आलेलं नाही. पण तो रविवार मला काल घडल्यासारखा दिसतो. नदी घालून झाली. मी आत्यांना विचारलं, जायचं का आत? त्यांनी मान हलवली. मी वेशीपासून चालत निघाले. मारुतीपाशी त्यांनी स्क्रीनला हात जोडले. चिंचेखालून वळलो, तर त्यांच्या घरापुढे फुटक्या फरशीवर दादा उभा होता.

"आलात, आत्या?" तो म्हणाला. "या."

आत्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला.